आधी सांगा, खेळणार कोण?

(मुलुंडमधल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढलीय, बाकी भाषा तशीच ठेवलीय.)

मागे ऐकू येतंय ना? माईकचं असं आहे की मी हलले की तो खरखरतो, त्यामुळे मी एका जागी उभी राहते, तुम्ही पंख्याखाली सरका.

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी काही गेमच्या कंपनीत नाहीये. सोमवार ते शुक्रवार घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरीला जाते, तिथे बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते, जीएसटीचे रकाने जुळले नाहीत की बोलणी खाते, आणि शनिवार-रविवार घरी छोटे गेम बनवते. छोटे म्हणजे खरंच छोटे, एकटीने बनवलेले, चार-पाच मिनिटांत खेळून होणारे, आणि ज्यातून आजवर मला एक रुपया मिळालेला नाही. (हशा) हसा, नवराही हसतो. पण हे मी बरीच वर्षं करतेय आणि मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच, ताई गेम बनवायचाय, कोडिंगची कुठली लँग्वेज शिकू?

आता गंमत अशी की विचारणाऱ्याने आधीच तीन-चार महिने व्हिडिओ बघण्यात घालवलेले असतात. पायथन स्लो आहे असं एकाने सांगितलेलं असतं, जावास्क्रिप्ट ही खरी लँग्वेजच नाही असं दुसऱ्याने, आणि तिसरा कोणीतरी दादा कायम असतोच जो म्हणतो सी प्लस प्लस शिक, मोठे गेम त्यातच बनतात. मग पोरगं पॉइंटरमध्ये, म्हणजे त्यातल्या एका किचकट भागात, अडकतं, दोन महिन्यांनी कंटाळतं, आणि आपल्या मुंबईच्या भाषेत सांगायचं तर गेम बनवायला गेलेल्याचाच गेम होतो.

मी उलटा प्रश्न विचारते. खेळणार कोण? आणि कशावर? बहुतेक जण गप्प होतात, कारण हा विचारच केलेला नसतो. माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे, तो मला कसा सुचला ते सांगते, त्यात माझी फजितीच जास्त आहे.

२००४ साली आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी होतं, म्हणजे सी लँग्वेजमधला कोड चालता करून देणारा कंपायलर. ती निळी स्क्रीन, इथे चाळिशीच्या आसपासचे जे बसलेत त्यांच्या डोळ्यांसमोर आलीच असेल. तो कंपायलर तेव्हाच दहा वर्षांहून जुना होता. त्यात ग्राफिक्स डॉट एच नावाची फाईल जोडली की ६४० बाय ४८० ची स्क्रीन आणि १६ रंग मिळायचे, आणि आम्हाला ते म्हणजे अक्षरशः घबाड. मी बॉल आणि फळीचा गेम लिहिला. गोल काढायचा, थोडं थांबायचं, पूर्ण स्क्रीन पुसायची, दोन पिक्सेल पुढे परत गोल काढायचा. पुसल्यामुळे स्क्रीन अशी फडफडायची की जणू ट्यूबलाईटचा स्टार्टर गेलाय, पण बॉल हलत होता हो! मी हलवत होते!

गणपतीत आम्ही सगळे डोंबिवलीला काकांकडे जमायचो, आणि काकांकडे नवा कॉम्प्युटर आलेला. मी फ्लॉपीवर गेमची एक्झी, म्हणजे डबल क्लिकने चालणारी फाईल, घेऊन गेले. आरती झाली, मोदक झाले, मग सगळी भावंडं, काकू, आजीसुद्धा खुर्ची ओढून बसली, आणि मी डबल क्लिक केलं. काळ्या स्क्रीनवर एक ओळ आली, बीजीआय एरर, ग्राफिक्स नॉट इनिशियलाईज्ड. टर्बो सीला चित्रं काढायला एक वेगळी ड्रायव्हर फाईल लागते, ती लॅबच्या मशीनवर होती, माझ्या फ्लॉपीवर नव्हती. आजी म्हणाली, छान आहे गं, पण पुढे काय होतं?

(हशा)

तर गेम लिहिला होता, चालत होता, आणि ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्यापैकी एकानेही खेळला नाही. हे मी विसरले आणि पुढे अजून दोनदा तेच केलं. ते सांगेनच.

त्याआधी लँग्वेजचा बाऊ थोडा कमी करूया. १९७२ साली अटारीने पाँग आणला, दोन फळ्या आणि एक ठिपका, टेबल टेनिस. त्यात कुठली लँग्वेज होती माहितीय? कुठलीच नाही. आत मायक्रोप्रोसेसरच नव्हता, ॲलन अल्कॉर्न नावाच्या इंजिनिअरने सर्किटं जोडून तो ठिपका हलवला होता. दुसरं टोक बघा, १९९९ साली रोलरकोस्टर टायकून आला, तो ख्रिस सॉयरने जवळजवळ सगळा असेंब्लीमध्ये लिहिला, म्हणजे प्रोसेसरशी थेट कानात बोलल्यासारखं. माइनक्राफ्ट सुरुवातीला जावामध्ये झाला, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी २.५ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा जावा स्लो असते म्हणून पैसे कमी करा असं काही कोणी म्हणालं नसेल. २०१५ चा अंडरटेल हा गेम गेममेकर नावाच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये बनवलाय. सेलेस्ट नावाचा फार सुंदर गेम आहे २०१८ चा, डोंगर चढणाऱ्या मुलीचा, त्याच्या लोकांनी त्या मुलीच्या हालचालीचा कोड सगळ्यांना वाचायला दिला, तर एकाच फाईलमध्ये पाच हजारांहून जास्त ओळी! आमच्या ऑफिसात अशी फाईल चेक-इन केली तर मला केबिनमध्ये बोलावतील. खेळणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

आणि आतून बहुतेक सगळे गेम एकाच पद्धतीने चालतात. लहानपणी वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर थोडं थोडं वेगळं चित्र काढून आपण पानं फरफर उलटायचो, माणूस धावायचा, तेच इथे. कॉम्प्युटर एका सेकंदात साधारण ६० वेळा तीन कामं करतो. खेळणाऱ्याने काय दाबलं ते बघतो, त्याप्रमाणे सगळ्या वस्तू इवल्याशा हलवतो, आणि चित्र नव्याने काढतो. याला गेम लूप म्हणतात. एका फेरीला साधारण १६.६७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात तिन्ही कामं उरकली की झालं. कुठल्याही लँग्वेजमध्ये जा, हा लूप एकतर तुम्हाला लिहावा लागतो किंवा इंजिनाने, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरने, आधीच लिहून ठेवलेला असतो.

मग स्लो-फास्टचं काय? खरं आहे ते, पायथन सीपेक्षा कितीतरी पट हळू आहे. पण आपल्या गेममध्ये हलणाऱ्या वस्तू किती, पन्नास? दोनशे? त्याला पायथन पुरून उरतं. पायगेम ही पायथनची गेमसाठीची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, चित्र काढायचं जड काम तिच्या आत सीमध्ये लिहिलेलंच आहे, पायथन फक्त ऑर्डर सोडतं. हां, तुम्ही ठरवलं की ६४० बाय ४८० चा प्रत्येक पिक्सेल मी स्वतः पायथनमध्ये मोजून रंगवणार, म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल आणि तेही सेकंदाला ६० वेळा, तर बसेल ते मटकन. पण तसं करायला सांगितलंय कोणी?

आता माझा गेम. नाव साधंच, लोकल पकड. दादरचा प्लॅटफॉर्म, एक बाई पर्स छातीशी धरून उभी, गाडी येते, डबे सरकत जातात, आणि लेडीज डब्याचा दरवाजा बरोबर समोर आला की बटण दाबायचं. लवकर दाबलं तर पत्र्यावर आपटते, उशिरा दाबलं तर जेन्ट्समध्ये चढते आणि सगळे तिच्याकडे बघतात. दरवाजा मिळाला की पुढचं स्टेशन, गाडी थोडी जास्त वेगात. माटुंगा, सायन, कुर्ला असं करत मुलुंड आलं की जिंकलात, घरी जाऊन कुकर लावा. (हशा)

हा मी आधी पायथन आणि पायगेममध्ये लिहिला, दोन वीकेंडमध्ये झाला. पायथन मला आवडतं, वाचायला साफ आहे, आणि शिकणाऱ्याला गणित आणि कोड एकत्र दिसतं. सगळं छान चाललं होतं, मग मी स्टेशनांची नावं मराठीत टाकली.

दादर नीट दिसलं. माटुंगा, सायन, ठीक. कुर्ला आलं आणि र चा पाय मोडलेला, वरचा रफार गायब. विद्याविहारमध्ये द चा पाय मोडून य वेगळा उभा. घाटकोपर पुन्हा एकदम व्यवस्थित. आणि विक्रोळी! विक्रोळीचा तर पार चुरा, व आधी, त्याच्या मागे पहिली वेलांटी भलतीकडेच लटकतेय, मग पाय मोडका क, मग र. कांजूरमार्गचा रफार गेला. भांडुप, नाहूर, मुलुंड ठणठणीत. म्हणजे सेंट्रल लाईनवर ज्या स्टेशनच्या नावात जोडाक्षर किंवा पहिली वेलांटी ते फुटणार, बाकीची वाचणार, असा मला नवाच टाइमटेबल मिळाला.

हे का होतं ते सांगते, कारण मराठीत गेम करणाऱ्या पुष्कळांना हे भोगावं लागतं आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये याचा उल्लेखच नसतो. आपण वि लिहितो तेव्हा कॉम्प्युटरच्या पोटात आधी व साठवला जातो आणि मग वेलांटी. डोळ्याला मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदल, जोडाक्षरं जोडणं, रफार उचलून वर नेऊन ठेवणं, हे सगळं करणारा एक वेगळा भाग असतो, त्याला शेपिंग म्हणतात. ब्राउजरमध्ये तो असतोच. माझ्याकडच्या पायगेमचं नेहमीचं फॉन्टचं फंक्शन अक्षरं आली त्या क्रमाने ओळीत चिकटवत जायचं, इंग्रजीला ते चालतं, आपल्याला नाही. मी काय केलं, दुसऱ्या प्रोग्राममध्ये सगळ्या स्टेशनांची नावं लिहून त्यांची चित्रं सेव्ह केली आणि गेममध्ये अक्षरांऐवजी चित्रं लावली. चाललं. पण स्कोअर मराठीत, गेम ओव्हरचा मेसेज मराठीत, बाई आपटली की कोणीतरी म्हणतं अहो जरा बघून, ते मराठीत, किती चित्रं करणार? म्हणून तुमचा गेम मराठी बोलणार असेल तर पहिल्याच दिवशी, बाकी काहीही लिहायच्या आधी, स्क्रीनवर विक्रोळी लिहून बघा. नीट दिसलं तर पुढे जा.

बरं, तो गेम झाला, आता खेळायला द्यायचा. माझ्या बहिणीच्या मुलाला म्हटलं बघ रे, तर म्हणाला मावशी लिंक पाठव, मोबाईलवर बघतो. लिंक कुठली? पायथन आधी इन्स्टॉल करावं लागेल, त्यावर पायगेम. मग मी एक टूल वापरून त्याची एक्झी बनवली, ती एका मैत्रिणीला पाठवली, तिच्या अँटीव्हायरसने लाल खिडकी दाखवून ती फाईल उडवली, आणि मैत्रिणीचा फोन की तुझा मेल हॅक झालाय बहुतेक. पायथनच्या एक्झीचं असं होतं कधी कधी, व्हायरस नसतानाही. तर डोंबिवलीची फ्लॉपीच झाली की परत! हा दुसऱ्यांदा.

तेव्हा मी बसून विचार केला की माझा गेम खेळणारे कोण आहेत. बहीण, भाचा, नाशिकची आत्या, ऑफिसच्या चौघी, सोसायटीच्या ग्रुपवरचे. यांच्यातल्या किती जणांकडे लॅपटॉप आहे? दोघांकडे, तोही ऑफिसचा, त्यावर काही इन्स्टॉल करता येत नाही. मोबाईल मात्र सगळ्यांकडे, आणि व्हॉट्सॲपवर आलेली लिंक उघडायला कोणालाच शिकवावं लागत नाही. मग लँग्वेज आपोआपच ठरली, जावास्क्रिप्ट. मला ती विशेष आवडते असं नाही. १९९५ मध्ये ब्रेंडन आइकने दहा दिवसांत तिचा पहिला नमुना केला आणि ती घाई अजून जागोजागी दिसते, आकड्यात अक्षरं मिसळली तरी हूं की चूं करत नाही, चुपचाप काहीतरी भलतं उत्तर देते. पण ती प्रत्येक ब्राउजरमध्ये आहे, हे एवढं एकच कारण मला पुरलं.

एक एचटीएमएल फाईल, त्यात कॅनव्हास नावाचा एक कोरा चौकोन, आणि तीनशेच्या आसपास ओळी. इंजिन नाही, लायब्ररी नाही. फेजर नावाची चांगली लायब्ररी आहे, मोठं काही करायचं तर जरूर घ्या, पण एक गाडी आणि एक बाई हलवायला मला गरज वाटली नाही. विक्रोळी पहिल्या फटक्यात नीट दिसलं, मला काहीच करावं लागलं नाही. फाईल इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर फुकटात चढवली आणि लिंक ग्रुपवर टाकली. पंधरा मिनिटांत आत्याचा व्हॉइस मेसेज, अगं मी कुर्ल्यापर्यंत पोचले, पुढे कशी जाऊ? वीस वर्षांत पहिल्यांदा माझा गेम कोणीतरी खेळलं होतं.

आणि मग तिसरी फजिती. भाच्याचा मेसेज, मावशी गेम इम्पॉसिबल आहे. म्हटलं हरला म्हणून रडतोय. रविवारी त्याच्याकडे गेले, त्याने मोबाईल सोडून त्याच्या गेमिंगच्या मॉनिटरवर लावला होता, बघते तर दादरची स्लो लोकल राजधानीसारखी सुसाट निघून गेली, दरवाजा दिसलासुद्धा नाही. मी लिहिलं होतं, प्रत्येक फ्रेमला, म्हणजे नव्याने काढलेल्या प्रत्येक चित्राला, गाडी ५ पिक्सेल पुढे. माझी स्क्रीन सेकंदाला ६० फ्रेम दाखवते, म्हणजे गाडी सेकंदाला ३०० पिक्सेल. त्याचा मॉनिटर १४४ चा, ब्राउजर मॉनिटरच्या तालावर चालतो, म्हणजे त्याच्याकडे तीच गाडी ७२० पिक्सेल.

यावरचा उपाय म्हणजे गाडीला फ्रेमचा हिशोब द्यायचाच नाही, सेकंदाचा द्यायचा. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो मोजायचा, त्याला ३०० ने गुणायचं, तेवढं पुढे सरकवायचं. स्क्रीन कुठलीही असो, गाडी सेकंदाला ३०० च जाणार. याला डेल्टा टाईम म्हणतात. आणि लगेच त्याची पण एक खोड कळली. खेळताना मध्येच फोन आला, आपण बोललो, परत आलो, तेवढ्या वेळात ब्राउजरने गेम झोपवून ठेवलेला असतो, आणि जागा झाल्यावर तो म्हणतो मागच्या फ्रेमपासून ४० सेकंद झाली, घे १२,००० पिक्सेल! गाडी थेट कसाऱ्याला. म्हणून वेळ कितीही मोठा आला तरी सेकंदाच्या विसाव्या भागापुढे मोजायचा नाही अशी एक ओळ टाकली. आवाजाचंही असंच, बोट लागल्याशिवाय ब्राउजर आवाज वाजू देत नाही, त्यामुळे माझा गाडीचा भोंगा सुरुवातीला मुकाच होता, शेवटी पहिल्या स्क्रीनवर खेळा असं बटण दिलं, ते दाबलं की आवाज मोकळा.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण हा डेल्टा टाईमचा घोळ पायथनमध्ये होतो, सी शार्पमध्ये होतो, सगळीकडे होतो. एका लँग्वेजमध्ये एकदा डोकं फोडून घेतलं की दुसरीकडे लागत नाही.

आता बाकीच्यांबद्दल पटापट. स्क्रॅच, एमआयटीमधून २००७ ला आलं, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, टायपिंग नाही. मुलांना हेच द्या, आणि मोठ्यांनीसुद्धा एक वीकेंड लाज न बाळगता करून बघा. लुआ ही ब्राझीलची, रिओच्या युनिव्हर्सिटीत १९९३ ला जन्मलेली, पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. छोटी, गोड लँग्वेज आहे, फक्त यादी शून्याऐवजी एकपासून मोजते, त्यावरून प्रोग्रामर लोक हमरीतुमरीवर येतात, आपल्या आईबाबांना मात्र तेच बरोबर वाटेल. तिच्यासाठी लव्ह नावाचं फ्रेमवर्क आहे, २०२४ मध्ये गाजलेला बॅलॅट्रो, तो पत्त्यांचा, त्यातच बनलाय. पिको एट नावाचा गेम बनवायचा प्रोग्रामपण लुआवरच, तो तर मुद्दामच तोकडा ठेवलाय, १२८ बाय १२८ ची स्क्रीन, १६ रंग, कोडलाही मर्यादा, त्यामुळे गेम मोठा करायचा मोह झाला तरी करता येत नाही. मघाशी सेलेस्ट म्हटलं ना, त्याचं पहिलं रूप यातच चार दिवसांत झालं होतं. मला विचाराल तर नव्या माणसाला तोकडेपणासारखी दुसरी मदत नाही.

गोडो आणि युनिटी ही इंजिनं. गोडो फुकट, ओपन सोर्स, अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं, त्याची स्वतःची जीडीस्क्रिप्ट आहे, दिसायला पायथनची चुलत बहीण. गोडोच्या चौथ्या व्हर्जनमध्ये विक्रोळी नीट दिसतं, तिसऱ्यात नाही. युनिटीत सी शार्प. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने जाहीर केलं की ठरावीक आकड्यापुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितके पैसे द्या, जगभर बोंबाबोंब झाली, आधी नियम सौम्य केले आणि वर्षाने रद्दच केले. आपल्यासारख्यांचे गेम त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत, पण पुष्कळ लोक तेव्हा गोडोकडे वळले ते वळलेच, घरमालकाने एकदा अचानक भाडं वाढवलं की माणूस दुसरीकडे जागा बघायला लागतोच. नोकरी गेमच्या कंपनीत करायचीय असं ज्याचं नक्की आहे त्याने मात्र युनिटी किंवा सी प्लस प्लस शिकावं, तिथे मी अडवणार नाही, कारण तिथे खेळणारा म्हणजे इंटरव्ह्यू घेणारा.

प्रश्न घेऊया.

(एका विद्यार्थ्याने विचारलं की एआय कोड लिहून देतो, मग लँग्वेज शिकायचीच कशाला.)

मीपण वापरते रे, खोटं कशाला बोलू. पण परवाच गोडोचा कोड मागितला तर त्यात अर्धा तिसऱ्या व्हर्जनचा, अर्धा चौथ्याचा. तिसऱ्यात यील्ड म्हणायचे, चौथ्यात अवेट म्हणतात, चालत्याबोलत्या पात्राच्या नोडचं, म्हणजे तयार तुकड्याचं, नावसुद्धा बदललंय. ते ओळखता आलं म्हणून पाच मिनिटांत सुटलं, नाहीतर रविवार गेला असता. लिहून घे हवं तर, पण प्रत्येक ओळ मला वाचून दाखवता आली पाहिजे.

(मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं की त्यांना निवृत्तीनंतर सापशिडी बनवायचीय, लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा.)

भरपूर झाला काका. आणि सापशिडीला तो सेकंदाला ६० वेळा फिरणारा लूपसुद्धा नको, फासा टाकेपर्यंत काहीच हलत नाही. शंभर घरांचा एचटीएमएलचा तक्ता, एक बटण, एक ते सहा आकडा, आणि कुठल्या घरातून कुठे जायचं त्याची छोटी यादी. नोटपॅड आणि ब्राउजर, बस. साप चित्रात काढायला वेळ लागेल, कोड त्यामानाने काहीच नाही. नातवंडं कुठे असतात? पुण्याला? मग लिंकच बरी.

(शेवटचा प्रश्न पहिल्या रांगेतल्या साधारण नऊ वर्षांच्या मुलीचा. तिला मांजराचा गेम करायचाय, मांजर कोळणीच्या टोपलीतले मासे पळवते.)

अरे वा. आणि खेळणार कोण? आईच्या मोबाईलवर? मग स्क्रॅच घे, त्यात मांजर आयतंच आहे, उघडलं की समोर तेच उभं असतं. फक्त एक लक्षात ठेव, स्क्रॅचच्या व्हिडिओत सगळे ॲरोची बटणं वापरतात, ती आईच्या मोबाईलवर नाहीयेत. त्याऐवजी माउसकडे जा असा एक निळा ठोकळा आहे, तो सतत चालणाऱ्या फॉरएव्हरच्या ठोकळ्यात लाव, मग मोबाईलवर जिथे बोट ठेवशील तिकडे मांजर येईल. मासे किती ठेवणारेस? वीस? आधी एक ठेव, तो पळवता आला की आईला खेळायला दे, आणि ती कुठे अडकते ते बघ.